कॅडिलॅकचं नाव कशाने झालं, कशाने गेलं, आणि २००२ ची डेव्हिल घ्यावी का

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही नुकतेच मिशिगनमध्ये नोकरीला आलात. ऑफिसमधले निवृत्तीला टेकलेले एक सहकारी त्यांची २००२ ची कॅडिलॅक डेव्हिल स्वस्तात द्यायला तयार आहेत. ते स्वतः या गाडीबद्दल भरभरून बोलतात, टीममधली तरुण पोरं मात्र नाव काढलं की हसतात. कॅडिलॅक खरोखर कधी जगात अव्वल होती का, की सगळी जाहिरातबाजी? आणि अव्वल होती, तर एवढं नाव घालवलं कसं? शेवटी, गाडी घ्यावी की नाही?

जुन्या अमेरिकन गाड्यांची इंजिनं उघडण्यात माझं आयुष्य गेलंय, त्यामुळे उत्तरही त्याच बाजूने देतो. अव्वल होती, यात शंका नाही. आणि नाव गेलं त्याचं खापर लोक सहसा सिमारॉन नावाच्या एका छोट्या गाडीवर फोडतात, ते मला पटत नाही. कॅडिलॅकची पत इंजिनाने कमावली आणि इंजिनानेच गमावली. डिझाइन, टेलफिन, जाहिराती हे सगळं नंतर येतं.

सुरुवात हेन्री फोर्डपासून होते, पण फोर्डच्या अपयशापासून. त्यांची 'हेन्री फोर्ड कंपनी' १९०२ मध्ये बारगळली आणि ते भागीदारांशी भांडून बाहेर पडले. पैसे घालणाऱ्यांना कारखाना मोडीत काढायचा होता, म्हणून यंत्रांची किंमत ठरवायला त्यांनी हेन्री लेलंडना बोलावलं. लेलंड तेव्हा साठीला आलेले. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात बंदुकांच्या कारखान्यात तयार झालेला आणि पुढे ब्राउन अँड शार्प या मापनयंत्रं बनवणाऱ्या कंपनीत मुरलेला हा माणूस. त्यांच्याकडे एक सिलिंडरचं इंजिन तयार होतं. त्यांनी ते ओल्ड्समोबिल या मोटार कंपनीसाठी सुधारलं होतं, पण तिथे ते घेतलं गेलं नाही. कारखाना विकू नका, हे इंजिन घालून गाडी काढा, असं त्यांनी भागीदारांना पटवलं. डेट्रॉइट वसवणाऱ्या फ्रेंच सरदाराचं नाव कंपनीला दिलं गेलं आणि १९०३ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात दोन हजारांच्या वर गाड्यांची नोंदणी झाली. गाडीची किंमत होती ७५० डॉलर. सुरुवातीची कॅडिलॅक ही काही श्रीमंतांची गाडी नव्हती, हे इथे लक्षात ठेवा. ती फक्त फार नीट बनवलेली गाडी होती.

नीट म्हणजे किती नीट, ते १९०८ साली इंग्लंडमध्ये दिसलं. मला विचाराल तर मोटारींच्या इतिहासात एवढी सुंदर परीक्षा दुसरी झालेली नाही. त्या काळी गाडीचा प्रत्येक सुटा भाग कारागीर कानस मारून जागेवर बसवायचा. एका गाडीचा पिस्टन दुसऱ्या गाडीत जाईल याची खात्री नसायची, आणि इंग्रज तर या हातकामालाच दर्जा समजायचे. कॅडिलॅकचे लंडनमधले विक्रेते फ्रेडरिक बेनेट यांनी रॉयल ऑटोमोबाईल क्लबपुढे प्रस्ताव ठेवला: आमच्या तीन गाड्या घ्या, पार खोला, भाग एकमेकांत मिसळा आणि पुन्हा जोडून बघा.

क्लबने ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर हे केलं. गाड्या एक सिलिंडरच्या, दहा हॉर्सपॉवरच्या. एकेका गाडीचे ७२१ भाग. तिन्ही गाड्या सुट्या करून सगळे भाग एकत्र कालवले. वर क्लबने त्यातले ८९ भाग काढून ठेवले आणि त्यांच्या जागी विक्रेत्याच्या गोदामातले नवे भाग दिले. जोडणाऱ्या मेस्त्रींना पान्हे आणि स्क्रूड्रायव्हर एवढंच वापरायची मुभा होती. कानस नाही, पॉलिश पेपर नाही, घासणं नाही. तिन्ही गाड्या उभ्या राहिल्या, चालू झाल्या आणि प्रत्येकीने ट्रॅकवर ५०० मैल पूर्ण केले. याबद्दल कॅडिलॅकला क्लबची ड्यूअर ट्रॉफी मिळाली. 'जगाचा मापदंड' ही कंपनीची घोषणा त्यातून आली, आणि ती फुकाची नव्हती.

इंजिन उघडणाऱ्या माणसाला यातली गंमत लगेच कळते. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंगमधली फट दोन-तीन थाऊची असते, म्हणजे इंचाचे दोन-तीन हजारावे भाग. ती फट वाढली की इंजिन ठोकायला लागतं, कमी झाली की जाम होतं. हे माप शेकडो इंजिनांत एकसारखं पाळायचं तर आधी कारखान्यातली मोजमापाची साधनं तेवढी अचूक लागतात. लेलंडनी ती बसवली होती. ५०० मैलांच्या त्या फेऱ्या गाडीपेक्षा कारखान्याची परीक्षा घेत होत्या.

१९०९ मध्ये जनरल मोटर्सने कॅडिलॅक विकत घेतली, पण सूत्रं लेलंडकडेच राहिली. पुढचा मोठा टप्पा म्हणजे सेल्फ. तोवर गाडी हँडल मारून चालू करावी लागे आणि हँडल उलटं फिरलं की मनगट मोडायचं. चार्ल्स केटरिंग यांनी आधी नॅशनल कॅश रजिस्टरमध्ये गल्ल्याच्या यंत्रासाठी विजेची छोटी मोटर बनवली होती. ती सतत चालायची नाही, क्षणभरच जोर लावायची. तोच विचार त्यांनी गाडीला लावला: इंजिन फिरवायला मोटर काही सेकंदच चालली तरी पुरे, मग ती एवढ्या वेळापुरती झेपेल इतकीच ताकदीची असली तरी चालते. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर, विजेचे दिवे आणि इग्निशन एकत्र आले. दुसरी ड्यूअर ट्रॉफी यासाठी मिळाली. स्त्रियांनी मोठ्या संख्येने स्वतः गाडी चालवायला सुरुवात केली त्यात या सेल्फचा वाटा मोठा आहे.

मग १९१४ च्या शेवटी व्ही-८ आलं, म्हणजे चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा व्ही आकारात बसवलेलं इंजिन, १९१५ चं मॉडेल म्हणून. मोठ्या संख्येने बनलेलं हे पहिलं व्ही-८. नव्या इंजिनाच्या सुरुवातीच्या कुरबुरींवरून पॅकार्डसारख्या प्रतिस्पर्ध्यांनी टोमणे मारले. तेव्हा जाहिरातलेखक थिओडोर मॅकमॅनस यांनी २ जानेवारी १९१५ रोजी एक जाहिरात छापली: जो पुढे असतो त्याच्यावरच दगड पडतात, अशा अर्थाचा सलग मजकूर, गाडीचं चित्र नाही, मजकुरात गाडीचं नावही नाही. जाहिरातीच्या क्षेत्रात अजून तिचा दाखला देतात. पण ती चालली, कारण त्या मागचं इंजिन पुढच्या वर्षांत खरंच मजबूत ठरलं.

१९१७ मध्ये लेलंड युद्धासाठी विमानांची इंजिनं बनवण्यावरून जनरल मोटर्सचे प्रमुख ड्युरंट यांच्याशी बिनसून बाहेर पडले आणि त्यांनी लिंकन कंपनी काढली. ती पुढे अडचणीत आली आणि १९२२ मध्ये फोर्डने विकत घेतली. म्हणजे अमेरिकेच्या दोन्ही नावाजलेल्या आलिशान गाड्या एकाच माणसाच्या. आणि ज्या फोर्डच्या बारगळलेल्या कारखान्यातून एक उभी राहिली, त्याच फोर्डकडे दुसरी गेली.

विसाचं दशक मी भरभर सांगतो. डिझायनर हार्ली अर्ल आले, त्यांनी १९२७ ची लासाल ही गाडी रेखली आणि गाडीचं रूप ठरवणारा स्वतंत्र विभाग जनरल मोटर्समध्ये सुरू झाला. १९२८ मध्ये सिंक्रोमेश गिअरबॉक्स आला, ज्यामुळे गिअर बदलताना होणारा कर्रर्र आवाज गेला. १९३० च्या जानेवारीत सोळा सिलिंडरचं, ७.४ लिटरचं इंजिन आलं. शेअर बाजार कोसळून जेमतेम तीन महिने झाले होते. अकरा वर्षांत अशा सगळ्या मिळून चार हजारांच्या आसपास गाड्या विकल्या गेल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त पहिल्याच वर्षी. त्या इंजिनाच्या बोनेटखाली एक वायर उघडी दिसत नाही, नळ्या सगळ्या झाकलेल्या. ते इंजिन बघायला मिळालं तर जरूर बघा.

मंदीच्या काळात कॅडिलॅक बंद करायची भाषा चालली होती. ती वाचली त्यात निकोलस ड्रायस्टाट या जर्मन वंशाच्या सर्व्हिस प्रमुखाचा हात होता. कंपनीचं धोरण कृष्णवर्णीयांना गाडी न विकण्याचं होतं. पण ड्रायस्टाट देशभरच्या सर्व्हिस केंद्रांतून फिरायचे, आणि तिथे गाडी घेऊन येणारे कृष्णवर्णीय डॉक्टर, मुष्टियोद्धे, गायक त्यांना सतत दिसायचे. त्या काळच्या अमेरिकेत त्यांना चांगल्या वस्तीत घर मिळत नसे, तेव्हा यशाची दिसणारी खूण म्हणजे कॅडिलॅक. ती घेण्यासाठी ते एखाद्या गोऱ्या माणसाला मध्ये घालून वर पैसे मोजायचे. ड्रायस्टाटनी संचालकांना हे धोरण सोडायला लावलं. १९३४ मध्ये तेच कॅडिलॅकचे प्रमुख झाले. मला यात विशेष हे वाटतं की ही गोष्ट विक्री विभागाला दिसली नव्हती, गॅरेजमधल्या माणसाला दिसली.

तिसाच्या दशकात खरी प्रतिष्ठा मात्र पॅकार्डची होती, हे कबूल करायला हवं. पॅकार्डने १९३५ मध्ये हजार डॉलरच्या आतली गाडी काढून धंदा वाचवला, पण त्याच नावाखाली स्वस्त गाडी विकल्याने हळूहळू वरचा ग्राहक दुरावला. युद्धानंतर कॅडिलॅक पुढे निघाली. १९४९ चं ओव्हरहेड-व्हॉल्व्ह (म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या वर बसवलेलं) व्ही-८ हे त्याचं कारण: ५.४ लिटर, १६० हॉर्सपॉवर, जुन्या इंजिनापेक्षा आकाराने लहान, वजनाने हलकं आणि तरी जास्त ताकदीचं. एड कोल, हॅरी बार आणि जॉन गॉर्डन यांचं हे काम. १९५० मध्ये अमेरिकन शर्यतवीर ब्रिग्ज कनिंगहॅम यांनी ते फ्रान्सला ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत नेलं. एक गाडी जवळपास शोरूममधून काढल्यासारखी, दोन दारांची, ती दहावी आली. दुसरी विचित्र बॉडीची, ती अकरावी. प्रवासासाठी बनवलेलं इंजिन चोवीस तास पिळून काढल्यावरही धड राहिलं, हे युरोपने पाहिलं. त्याच वर्षी कॅडिलॅकने पहिल्यांदा वर्षाला एक लाख गाड्यांचा आकडा ओलांडला. पॅकार्ड १९५८ मध्ये संपली.

टेलफिन, क्रोम, एल्व्हिस प्रेस्लीची गुलाबी कॅडिलॅक, १९५९ चे आकाशाला भिडणारे पंख, हे सगळं तुम्ही चित्रांत पाहिलं असेल, त्यावर मी वेळ घालवत नाही. तुमच्या सहकाऱ्यांच्या बोलण्यातला आदर मात्र याच पिढीच्या गाड्यांतून आला आहे. त्यांच्या वडिलांच्या पिढीला 'आता मी पोचलो' असं सांगायचं असेल तर दारात ही गाडी लागायची, आणि ती दहा-पंधरा वर्षं तक्रार न करता चालायची. (आपल्याकडे जनरल मोटर्सने १९२८ मध्येच मुंबईत शिवडीला जोडणी कारखाना काढला होता, पण तिथे भर शेवरलेवर होता. कॅडिलॅक दिसायची ती संस्थानिकांच्या गाडीखान्यात.)

सत्तरच्या दशकात गाड्या नुसत्या मोठ्या होत गेल्या. १९७० च्या एल्डोरॅडोत ८.२ लिटरचं इंजिन होतं. खप वाढत वाढत १९७९ मध्ये वर्षाला साडेतीन लाखांच्या वर गेला. आतलं प्लास्टिक स्वस्त होऊ लागलं होतं, तरी इंजिन दणकट होतं, म्हणून लोक चालवून घेत होते. मग पेट्रोल महागलं, इंधन-बचतीचा १९७५ चा कायदा लागू झाला, आणि चार वर्षांत तीन इंजिनं अर्ध्या-कच्च्या अवस्थेत बाजारात आली.

पहिलं डिझेल. ५.७ लिटरच्या पेट्रोल व्ही-८ च्याच मापांवर ओल्ड्समोबिलने ते बनवलं होतं. ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग) जाड केला, पण सिलिंडर हेडचे, म्हणजे त्यावरच्या झाकणाचे, बोल्ट संख्येने आणि मांडणीने पेट्रोल इंजिनाचेच ठेवले. डिझेलमध्ये सिलिंडरमधली हवा २२ पटीहून जास्त दाबली जाते. बोल्ट ताणले जायचे, हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधला सांधा बंद ठेवणारा पत्रा) जायचं. इंधनातलं पाणी वेगळं करणारा सेपरेटरही दिला नव्हता, त्यामुळे पंप गंजायचे. १९८० च्या कॅडिलॅक सेव्हिलमध्ये हे इंजिन बहुतेक राज्यांत स्टँडर्ड होतं.

दुसरं १९८१ चं व्ही-८-६-४. गरज नसेल तेव्हा दोन किंवा चार सिलिंडर बंद ठेवायचे, कल्पना आजही वापरात आहे. पण तेव्हाचा संगणक फार मंद होता. गाडी धक्के खायची आणि विक्रेते एक वायर काढून कायमचं आठ सिलिंडरवर चालवून द्यायचे. मूळ इंजिन चांगलं होतं, म्हणून हे निभावलं.

तिसरं निभावलं नाही. १९८२ चं एचटी ४१००, म्हणजे ४.१ लिटरचं व्ही-८: ब्लॉक ॲल्युमिनियमचा, हेड बीडाचे. ॲल्युमिनियम तापलं की बीडापेक्षा जवळपास दुप्पट फुगतं. रोज सकाळी गाडी चालू होते, तापते, संध्याकाळी निवते, आणि दर वेळी इनटेक मॅनिफोल्डच्या (हवा सिलिंडरकडे नेणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटवर दोन धातू वेगवेगळ्या मापाने सरकतात. काही वर्षांत गॅस्केट फाटतं आणि कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्राव, तेलात उतरतं. तेलाची डिपस्टिक काढली की दुधाळ चहाच्या रंगाचा फेस. मग बेअरिंग जातात, कॅमशाफ्ट जातो. आणि हे सव्वाशे हॉर्सपॉवरचं इंजिन सतराशे-अठराशे किलोच्या गाडीला ओढत होतं. मुळात ते पुढे येणाऱ्या हलक्या, फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाड्यांसाठी आखलं होतं, घाईने आधी आणलं. १९०८ मध्ये ज्या कंपनीने सुटे भाग दुसऱ्यांच्या हाती देऊन 'मिसळा आणि जोडा' म्हटलं, त्याच कंपनीने इथे अपुरी चाचणी झालेलं इंजिन सगळ्यात निष्ठावान ग्राहकांच्या हाती दिलं. हे मला आजही लागतं.

आता सिमारॉन. १९८२ ची ही गाडी म्हणजे शेवरले कॅव्हेलियरच, चामड्याच्या सीट आणि पुढे वेगळी जाळी लावलेली, १.८ लिटरचं चार सिलिंडर इंजिन, किंमत बारा हजार डॉलरच्या वर. वाईटच निर्णय होता. पण १९९८ मध्ये कॅडिलॅकने एस्कलेड ही मोठी एसयूव्ही आणली, तीही लिंकन नॅव्हिगेटरच्या खपाला घाबरून घाईघाईत, जीएमसीच्या युकॉन डेनालीवर जवळपास नुसती नावाची पाटी बदलून. ती तर चालली, इतकी की आज कंपनीची ओळख तीच आहे. दुसऱ्याची गाडी आपल्या नावाने विकणं हेच मारक असतं तर एस्कलेडनेही कॅडिलॅकला बुडवलं असतं. फरक इंजिनात होता. एस्कलेडखाली ट्रकचं जुनं, मुरलेलं व्ही-८ होतं. शिवाय सिमारॉनचा ग्राहक नवा, तरुण होता. एचटी ४१०० आणि डिझेलने फसवलं ते वीस-तीस वर्षं दर काही वर्षांनी शोरूममध्ये परत येणाऱ्या ग्राहकाला. तो गेला की त्याची मुलंही जातात. १९८९ मध्ये जपानी लेक्सस आली तेव्हा या लोकांना जायला चांगली जागा मिळाली, एवढंच.

मधल्या काळात अलांते नावाची दोन सीटची गाडी आली. तिची बॉडी इटलीत तुरीनला पिनिनफारिनाकडे बनायची आणि बोइंग ७४७ मधून, एका फेरीत ५६, डेट्रॉइटला यायची. एवढा खर्च करून आत बसवलं होतं त्याच ४१०० घराण्यातलं इंजिन. त्या दशकाचं सगळं दुखणं या एका गाडीत दिसतं.

२००२ नंतर कॅडिलॅक खरोखर सुधारली. सीटीएस ही सेडान जर्मनीतल्या न्युरबर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकवर घासून तयार केली. २००८ मध्ये तिच्या वेगवान रूपाने, सीटीएस-व्ही ने, तिथली फेरी आठ मिनिटांच्या आत मारली. आजची सीटी५-व्ही ब्लॅकविंग ६६८ हॉर्सपॉवरची आहे आणि हाताने गिअर टाकायच्या गाडीत याहून चांगलं काही सध्या शोधावंच लागेल. विजेवरची लिरिक आहे, ऑर्डरप्रमाणे बनणारी सेलेस्टिक आहे, २०२६ च्या हंगामापासून फॉर्म्युला वनमध्ये संघ आहे. तुमच्या टीममधल्या पोरांनी हसण्याआधी ब्लॅकविंग एकदा चालवावी.

आता तुमची डेव्हिल. तिच्यात ४.६ लिटरचं नॉर्थस्टार व्ही-८ आहे. हे इंजिन १९९३ मध्ये आलं आणि चालायला अप्रतिम आहे: मऊ, ताकदवान. कुलंट संपलं तरी चार-चार सिलिंडर आळीपाळीने बंद ठेवून, हवेने थंड होत तुम्हाला घरी पोचवणारं. पण हेडचे बोल्ट ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये थेट बसतात, एका हेडला दहा, आणि वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्याने ब्लॉकमधले आटे धरून राहत नाहीत. मग हेड उचलतं, गॅस्केट जातं. २००० मध्ये बोल्ट लांब केले, पुढे आटेही जाड केले, तरी २००२ चं इंजिन या बाबतीत निर्धास्त म्हणता येत नाही. दुरुस्ती होते, पण इंजिन खालून उतरवायचं, वीसही भोकं मोठी करून नवे आटे पाडायचे आणि त्यात स्टीलचे इन्सर्ट किंवा जाड स्टड बसवायचे. नुसतं गॅस्केट बदलून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका, ते पैसे पाण्यात जातील. या कामाचा खर्च त्या वयाच्या गाडीच्या किमतीहून सहज जास्त होतो.

तेव्हा घेण्याआधी एवढं करा. इंजिन पूर्ण थंड असताना कुलंटच्या टाकीचं झाकण उघडून पातळी बघा आणि सहकाऱ्यांना विचारा, मधूनमधून कुलंट भरावं लागतं का. मग हायवेवर अर्धा तास चालवा, एक लांब चढ घ्या आणि तापमानाचा काटा मध्यावरून हलतो का ते पाहा. परत आल्यावर गॅरेजमध्ये ब्लॉक टेस्ट करून घ्या: टाकीच्या तोंडाशी निळा द्राव भरलेली नळी धरून आतली हवा त्यातून खेचतात, द्राव पिवळा झाला तर जळलेला वायू कुलंटमध्ये येतोय. ही तपासणी स्वस्त आहे. थंड इंजिनावर एकदा आणि तापलेल्यावर एकदा करा, कारण सुरुवातीची गळती तापल्यावरच दिसते. सेल्फ नीट लागतो का तेही पाहा. नॉर्थस्टारचा स्टार्टर इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, इंजिनाच्या खाचेत असतो, बदलायला वरचं सगळं उतरवावं लागतं. तेल थोडं खाते, त्याची काळजी करू नका.

द्राव निळाच राहिला, कुलंटची नोंद स्वच्छ असली आणि सहकारी किंमत खरंच कमी सांगत असतील तर घ्या. मिशिगनच्या लांब, सरळ रस्त्यांवर या गाडीएवढं आरामशीर त्या पैशात दुसरं काही मिळणार नाही. पिवळा झाला तर त्यांना तसं स्पष्ट सांगा आणि फुकट दिली तरी नाही म्हणा.